विल्यम्स लेकचं ओंडक्यांचं पर्यटन केंद्र: थांबावं की गाडी पुढे काढावी?

कातळफूल

मंडळी, आमच्यात दोन दिवस यावरून वाजतंय म्हणून इथे टाकते. सगळं फोनवर मिळत असताना रस्त्यात लागणाऱ्या पर्यटन माहिती केंद्रात अजून कुणी थांबतं का?

आम्ही कॅनडात व्हँकुव्हरजवळ सरीला राहतो. आईबाबा चिपळूणहून आलेत. त्यांना घेऊन बार्करव्हिलला निघालोय. १८६२ साली बिली बार्करला सोनं लागलं आणि रानात गाव उभं राहिलं, तेच ते. होपवरून फ्रेझर नदीच्या घळीतून वर चढायचं, कॅश क्रीकला ९७ नंबरचा हायवे धरायचा, आणि घरापासून पाचशेच्या वर किलोमीटर झाले की विल्यम्स लेक. गावात शिरतानाच हायवेलगत हे केंद्र दिसतं. नवरा म्हणाला, बाथरूमपुरतं थांबू, दहा मिनिटं. निघालो दीड तासाने.

कारण ती इमारत. फळ्या नाहीत, नुसते ओंडके. साल काढून गुळगुळीत केलेले, काही तर माझ्या मिठीत मावणार नाहीत एवढे जाड. आत मधोमध एक अख्खा रेड सीडर उभा आहे, सातशे वर्षांहून जुना. बघता बघता मान दुखायला लागते. त्याच छपराखाली तिथलं कॅरिबू-चिल्कोटिनचं संग्रहालय आहे आणि गुराख्यांचं दालनही. खोगिरं, दोर, जुने फोटो.

बाबा झाडाकडे गेलेच नाहीत. आयुष्यभर सुतारकाम केलेला माणूस, सरळ कोपऱ्यात गेले. एकावर एक बसवलेल्या दोन ओंडक्यांच्या सांध्यावरून नख फिरवलं. मग खिशातून टिम हॉर्टन्सचं बिल काढलं आणि तो कागद फटीत सारून बघितला. गेला नाही. तीन ठिकाणी गेला नाही. चौथ्या ठिकाणी अर्धा इंच गेला तेव्हा कुठे त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, "हां. माणसांनीच केलंय."

नवऱ्याचं म्हणणं, ही लाकूडवाल्यांची जाहिरात आहे, पर्यटन वगैरे तोंडी लावायला. तुमचं काय मत?

टवाळ_टोणगा

मूळ मुद्द्यावर या. बाथरूम कसं होतं?

कातळफूल

स्वच्छ होतं. कागदही होता. झालं समाधान?

मध्यमवर्गीय_मोगरा

तुमच्या यजमानांना अनुमोदन. मी तेरा वर्षं कॅलगरीत आहे, अशा केंद्रांत रॅकमधली पत्रकं आणि एक पेंशनर जोडपं सोडून काही बघितलं नाही. हॉटेल फोनवर, नकाशा फोनवर, पाऊस फोनवर. मग एवढी लाकडं रचून आत काय ठेवलं? पत्रकं! इमारत छान असेल हो, पण ती सुताराची वाहवा झाली, पर्यटकाच्या पदरात काय पडलं?

अनुस्वार

मोगरा, पण त्या भागाचं पर्यटन आणि त्या भागाची सुतारकी वेगळी कशी काढणार? विल्यम्स लेकच्या आसपास ओंडक्यांची घरं बांधणारे कारखाने आहेत, त्यांची घरं अमेरिकेत, युरोपात जातात. पैठणला गेल्यावर "मागावर कशाला नेलंत, देऊळ दाखवा" असं म्हणता का?

ओळंबा

फार दिवसांनी लिहितोय. विद्यार्थी असताना प्रिन्स जॉर्जजवळ एका ओंडके-घरवाल्याकडे उन्हाळाभर साल काढायचं काम केलं होतं. (दोन हातांनी ओढायचा सुरा असतो. आठवड्यात मनगटं आपली राहत नाहीत.) तेव्हा काकांच्या बिलाबद्दल थोडं सांगतो, कारण त्यांनी नेमकी बोट ठेवायची तीच जागा शोधली.

आपल्याकडे लाकूड तासून चौकोनी करतात, मग सांधा. इथे ओंडका गोलच ठेवतात, आणि निसर्गात कुठलाही ओंडका सरळ नसतो. गाठ असते, फुगवटा असतो, बुंधा जाड आणि शेंडा बारीक. मग वरचा ओंडका खालच्यावर ठेवायचा आणि दोन टोकांचा कंपास घ्यायचा, त्याला लेव्हलची नळी लावलेली असते. एक टोक खालच्या ओंडक्याच्या पाठीवरून फिरतं, दुसरं वरच्याच्या पोटावर तीच चढउतार पेन्सिलीने उमटवतं. मग वरचा ओंडका उलटा करून त्या रेघेपर्यंत पोट कोरायचं. कोपऱ्यावर खोगिरासारखी खाच. पुन्हा उलटवून बसवला की खालच्याचा प्रत्येक फुगवटा वरच्याच्या खोबणीत. खोबणी नेहमी वरच्याच्या पोटाला, कधीच खालच्याच्या पाठीवर नाही, नाहीतर पाणी साचून दोन पावसाळ्यांत कुजेल. आतली पोकळी ऊबदार भरावाने भरतात. बाहेरून दिसते ती फक्त एक रेघ.

आणखी एक. ओंडका वाळताना तडकतोच. तो कुठे तडकावा हे आपण ठरवायचं: पाठीवर लांबीभर करवतीने एक चीर देऊन ठेवायची. तडा तिथेच जातो आणि वरच्या ओंडक्याच्या खोबणीखाली झाकला जातो.

आणि गंमत म्हणजे हे सगळं कारखान्याच्या अंगणात होतं. घर पूर्ण उभं करायचं, प्रत्येक ओंडक्याला नंबर द्यायचा, मग उतरवून ट्रकवर चढवायचं आणि जागेवर पुन्हा रचायचं.

अजून एक मोठी भानगड आहे, ती म्हणजे घर बसतं. पण ते नंतर, ऑफिसला उशीर होतोय.

गोगलगाय_घाईत

घर बसतं म्हणजे? आमचं तर ईएमआयमुळे बसलंय.

ओळंबा

लंच टाइम. ऐका.

ओलं लाकूड वाळताना आडवं आकसतं, उभं जवळजवळ नाही. म्हणजे ओंडक्याची जाडी कमी होते, लांबी तेवढीच राहते. आता ओंडके एकावर एक आडवे रचलेली भिंत घ्या. प्रत्येक ओंडका थोडा थोडा बारीक होणार, खाचा दाबून घट्ट होणार. आठ फुटांची भिंत काही वर्षांत सहा इंचांपर्यंत खाली येऊ शकते.

मध्यमवर्गीय_मोगरा

सहा इंच?? आमच्या बिल्डरने अर्धा इंच भेग दिली तर सोसायटी कोर्टात गेली. मग खिडक्यांच्या काचा?

ओळंबा

म्हणून प्रत्येक खिडकी-दाराच्या वर मोकळी जागा सोडलेली असते. वरून पट्टी मारल्यामुळे तुम्हाला दिसत नाही. चौकट ओंडक्यांना पक्की ठोकत नाहीत, भिंत तिच्या कडेने खाली सरकते.

खरी गंमत उभ्या खांबांची. भिंत खाली येते, खांब येत नाही. मग छप्पर खांबावर अडकून मधेच टेंगूळ! त्यावर उपाय असा की खांबाच्या बुडाशी किंवा डोक्याशी लोखंडी स्क्रू-जॅक असतो, गाडीचं चाक बदलतानाचा असतो तसाच. दरवर्षी पाना घेऊन थोडा थोडा उतरवायचा. वरून लाकडी पट्ट्यांची पेटी, म्हणजे पाहुण्यांना कळत नाही. कातळफूल, पुढच्या वेळी काकांना म्हणावं खांबांच्या पायाशी बघा.

कातळफूल

बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा "उभं आकसत नाही, बरोबर" म्हटलं आणि आता आईला ते पुन्हा समजावतायत. परतीच्या वाटेवर पुन्हा थांबणार आहोत हे ठरल्यात जमा. नवरा गप्प आहे.

पिंपळपान

एक किरकिर करू का? रेड सीडरला कुणी देवदार म्हणायच्या आत सांगते. देवदार हा खरा सीडर. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याचा वेस्टर्न रेड सीडर हा सीडरच नाही, तो थुजा. म्हणजे आपल्या बंगल्यांच्या दारात कुंडीत असते ना ती मोरपंखी, तिच्या घराण्यातला. त्याच्या लाकडात नैसर्गिक द्रव्यं असतात, बुरशी सहज लागत नाही, म्हणून छपराच्या पट्ट्यांनाही तेच लाकूड.

टवाळ_टोणगा

म्हणजे आमच्या सोसायटीच्या गेटवरची मोरपंखी सातशे वर्षं पाणी घातलं तर पर्यटन केंद्राच्या कामी येईल. सेक्रेटरींना कळवतो.

पिंपळपान

आधी त्यांना सात दिवस पाणी घालायला सांगा.

भटक्या_विमुक्त

ओंडक्यांच्या मोठ्या इमारतींचा विषय निघालाय तर यलोस्टोनचं ओल्ड फेथफुल इन राहिलं. १९०३-०४ च्या हिवाळ्यात बांधलं, रॉबर्ट रीमर नावाचा तिशीच्या आतला वास्तुविशारद. आतला दिवाणखाना ७६ फूट उंच, वाकड्या फांद्यांचे कठडे. आणि क्युबेकमधलं माँटेबेलो, १९३० चं, व्हिक्टर नायमार्क नावाच्या फिनिश ओंडके-मिस्त्रीच्या देखरेखीखाली चार महिन्यांत उभं केलं. सुमारे १०,००० ओंडके. तेव्हा विल्यम्स लेकवाल्यांनी फार तोरा मिरवू नये.

अनुस्वार

भटक्या, माँटेबेलोचे ते ओंडके कुठून आले माहितीये ना? ब्रिटिश कोलंबियातून, म्हणजे विल्यम्स लेकच्याच प्रांतातून, आगगाडीने, अख्खा देश ओलांडून. तोरा मिरवू द्या त्यांना.

भटक्या_विमुक्त

शरण.

सह्याद्रीची_लेक

मला धागा वाचताना एक गोष्ट खटकतेय. सातशे वर्षं उभं असलेलं झाड तोडून ते हॉलमध्ये उभं करायचं आणि त्याच्याखाली "आमचा निसर्ग बघायला या" अशी पत्रकं वाटायची? मला तरी तिथे फोटो काढवला नसता.

ओळंबा

खटकणं रास्त आहे. मी त्या धंद्यात उन्हाळाभर होतो, तेव्हाही जाड सीडर आला की अंगणात दोन मिनिटं कुणी बोलत नसे. पण ते झाड हॉलमध्ये राहिलं म्हणून निदान लोक त्याचं वय विचारतात. त्याच्या फळ्या झाल्या असत्या तर कुणाच्या तरी अंगणातला डेक झाला असता, वर बार्बेक्यू.

सह्याद्रीची_लेक

दोनच पर्याय असतात असं कोण म्हणालं? तिसरा होता: रानात उभं राहू देणं.

ओळंबा

मान्य.

रानवेडा_विसू

त्या भागाची "कारागिरी" म्हटली की सगळे ओंडक्यांवरच थांबतात, म्हणून हे दोन शब्द. ते गाव तिथल्या मूळनिवासी सेक्वेपेम्क लोकांच्या भूमीवर आहे, गावाला नावही त्यांच्याच विल्यम नावाच्या प्रमुखावरून पडलं. पश्चिमेला चिल्कोटिन पठारावर त्सिल्कोटिन लोक. त्यांनी कोर्टात वर्षानुवर्षं लढून २०१४ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाकडून आपल्या भूमीवरचा हक्क मिळवला. ओंडक्यांची घरं तिथे गोऱ्यांबरोबर आली. त्याआधी हिवाळ्यात अर्धी जमिनीत खोदलेली घरं होती: मधे खांब, वरून वासे, त्यावर साली आणि माती. आत जायचं ते छपरातल्या भोकातून शिडीने.

आणि भूर्जाच्या सालीच्या टोपल्या! साल उन्हाळ्याच्या सुरुवातीला सोडवतात, दुमडतात आणि झाडांच्या मुळांच्या दोऱ्याने शिवतात. बोरं वेचायला. सीडरवाल्या हॉलमध्ये गेलात तर अशी टोपली कुठे ठेवलीये ते शोधा. हातात घेऊ देत असतील तर वजन बघा, वहीएवढं नसतं.

कातळफूल

विसूदादा, टोपली बघितली होती, पण काचेतली. आईने विचारलं, "ही सुपासारखी पाखडता येईल का?" उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

देवगडचा_हापूस

आता आपल्या गावाकडे येऊ या का? आमच्या तालुक्यातही "पर्यटन सुविधा केंद्र" आहे. नाव घेत नाही, गावात राहायचंय. आरसीसी, बाहेरून जांभ्यासारख्या दिसणाऱ्या टाइल्स. खरा चिरा वीस मिनिटांवरच्या खाणीत मिळतो, तरी टाइल्स! दाराला कुलूप. खिडकीतून डोकावलं तर पत्रकांचा गठ्ठा आणि त्याला खालून वाळवी. आणि बाहेर, सांगू का काय आहे?

टवाळ_टोणगा

सिमेंटचे ओंडके.

देवगडचा_हापूस

सिमेंटचे ओंडके!! कठड्याला सिमेंटचे ओंडके, बाकाला सिमेंटचे ओंडके, त्यावर ब्रशने काढलेल्या गाठी आणि वर्षं मोजायच्या रिंगा. एका बाकाची "साल" निघालीये आणि आतून सळई दिसते.

गोगलगाय_घाईत

शेजारी पेंग्विनची कचरापेटी असणारच. "मला खाऊ द्या".

अनुस्वार

माथेरान, महाबळेश्वर, झालंच तर आमच्या नगरपालिकेची बाग. मला वाटतं सबंध महाराष्ट्रात एकच साचा फिरतो आणि एकच माणूस त्या गाठी रंगवतो.

मध्यमवर्गीय_मोगरा

हसून पोट दुखलं. पण मग खऱ्या ओंडक्यांचं केंद्र कोकणात बांधा म्हणताय का?

ओळंबा

अजिबात नको. तीन हजार मिलिमीटर पाऊस, वाळवी, आणि फणस-आंब्याचा बुंधा सरळ चार फूट मिळेल तर शपथ. तिकडे थंडीत हळू वाढलेली, विजेच्या खांबासारखी सरळ झाडं असतात म्हणून ती पद्धत जमते. हिमाचलमध्ये बघा, तिथे देवदार आहे तरी त्यांनी काठकुणी काढली: एक थर लाकडाचा, एक थर चुन्याशिवाय रचलेल्या दगडाचा. नग्गरचा किल्ला तसाच आहे, १९०५ च्या कांग्रा भूकंपातही टिकला. ज्याच्या त्याच्या रानात जे आहे त्याचं बांधावं. कोकणात चिरा, सागाचे वासे, कौलं. आणि छप्पर बाहेर भरपूर काढलेलं, हा नियम मात्र कॅनडातही तोच. आमचा मुकादम म्हणायचा, घराला मोठी टोपी घाला आणि पाय कोरडे ठेवा.

देवगडचा_हापूस

आणि आत सावंतवाडीची खेळणी ठेवा. चितारआळीत रंग लावताना बघितलंय का कुणी? लाखेच्या फळांचा तो चकाकणारा पिवळा! शेजारी दशावतारी गंजिफा, १२० पानं, अवतारांची. पिंगुळीची चित्रकथी. अहो एका तालुक्याएवढ्या पट्ट्यात हे सगळं आहे आणि पाहुण्याला आम्ही दाखवतो काय, तर सेल्फी पॉइंटवर इंग्रजीत "आय लव्ह" आणि गावाचं नाव.

पिंपळपान

खेळण्यांना पूर्वी पांगाऱ्याचं लाकूड वापरत, हलकं म्हणून. पांगारे लावायचं बघा आधी. (सोसायटीची मोरपंखी जगली की.)

ट्रकवाला_तात्या

उशिरा आलो. मोगराताई विचारतात फोन असताना केंद्र कशाला. मी तिकडच्या रस्त्यांवर आठ वर्षं ट्रक चालवतोय, ऐका.

विल्यम्स लेकहून पश्चिमेला २० नंबरचा रस्ता निघतो, बेला कूलाच्या समुद्रापर्यंत, साधारण साडेचारशे किलोमीटर. शेवटी हेकमन खिंडीतून उतार लागतो, लोक त्याला नुसतं "द हिल" म्हणतात. कच्चा रस्ता, काही ठिकाणी १८ टक्के उतार, एका बाजूला दरी, कठडा नाही. सिमेंटच्या ओंडक्याचासुद्धा नाही. सरकार रस्ता करीना म्हणून गावकऱ्यांनीच दोन्ही बाजूंनी बुलडोझर लावून १९५३ मध्ये तो जोडला.

फोन तुम्हाला सांगतो किती तास लागतील. काउंटरवरच्या बाईने माझ्यादेखत एका भाड्याच्या गाडीवाल्याला विचारलं, गाडी ऑटोमॅटिक आहे का, उतारावर खालच्या गिअरमध्ये कशी घालायची माहितीये का, पेट्रोल कुठे भरणार, भाड्याच्या करारात कच्चा रस्ता चालतो का. त्या माणसाने तिथेच करार उघडून वाचला. चालत नव्हता. तो उत्तरेला बार्करव्हिलला गेला. फोनने हे विचारलं असतं का?

मध्यमवर्गीय_मोगरा

तात्या, हे पटलं. पण हे काम टपरीतूनही झालं असतं.

ट्रकवाला_तात्या

टपरी असती तर तो थांबला असता का? तो झाड बघायला आत आला होता. मीही पहिल्यांदा तसाच आत गेलो.

रानवेडा_विसू

+१. अवांतर: २०१७ च्या जुलैमध्ये वणव्यांमुळे ते अख्खं गाव रिकामं केलं होतं. तेव्हा बातम्या बघताना मला आधी ती लाकडाची इमारतच आठवली.

ओळंबा

जाड ओंडका पटकन पेटत नाही, बाहेरून कोळसा होतो आणि तो थरच आतल्या लाकडाला जपतो. छप्पर आणि खालचा पालापाचोळा हा खरा धोका. तुमच्या बार्करव्हिलला १८६८ साली आग लागली तेव्हा घरं खेटून होती, काही तासांत गाव गेलं.

आणि त्या भागाच्या लाकडाचं दुखणं वेगळंच. थंडी पुरेशी कडक पडेनाशी झाली आणि पाइनच्या सालीत शिरणाऱ्या भुंग्याने झाडं मारून डोंगरच्या डोंगर लाल करून टाकले. त्या भुंग्याबरोबर येणाऱ्या बुरशीने लाकडावर निळी झाक येते. उभं वाळलेलं म्हणून ते कमी आकसतं. भिंतीत निळसर ओंडका दिसला तर तो रंग दिलेला नाही.

कातळफूल

परत आलो! धागा कुठच्या कुठे गेलाय, वाचून काढला.

बार्करव्हिल छानच, त्यावर वेगळं लिहीन. वाटेत कॉटनवुड हाउस लागलं, १८६४ ची ओंडक्यांची खानावळ, जुन्या वॅगन रस्त्यावरची. तिथे ओंडके तासून चपटे केलेत आणि मधली फट लिंपलीये. बाबा म्हणाले, "ही घाई होती. सोनं वाट बघत नाही."

परतताना विल्यम्स लेकला थांबलो, गाडी नवऱ्यानेच वळवली, मी एक शब्द बोलले नव्हते. बाबा सरळ खांबांपाशी गेले आणि गुडघ्यावर बसून बुडाच्या पट्ट्या हाताने चाचपायला लागले. काउंटरवरची बाई धावत आली, तिला वाटलं पडले की काय. मी समजावलं. ती म्हणाली, गेली कित्येक वर्षं इथे आहे, झाडाचं वय सगळे विचारतात, खांबाखाली काय आहे हे कुणी विचारलं नाही. उघडून दाखवायची परवानगी तिला नव्हती. पण आतून मॅनेजरला बोलवते म्हणाली. तो जेवायला गेला होता.

टवाळ_टोणगा

मग?

कातळफूल

मग काय, थांबलो. बाबा बाकावर बसून राहिले. खऱ्या ओंडक्याच्या. आई म्हणाली, तोवर डबा खाऊन घेऊ.